ब्रिस्टल ते बाथ, एकट्याने: जुन्या रेल्वेमार्गावरच्या दिवसभराच्या सायकल सफरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडात शिकायला किंवा नोकरीला आलेले, मुलांकडे उन्हाळ्यात राहायला आलेले, किंवा लंडनहून एका दिवसाची सुटी काढून येणारे मराठी लोक या रस्त्याबद्दल साधारण तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ट्रेनचं वेळापत्रक आणि भाडं सतत बदलतं, त्यामुळे ते इथे दिलेलं नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी ते बघून घ्या.

हा नेमका कुठला रस्ता?

ब्रिस्टल आणि बाथ या दोन शहरांना जोडणारा, मिडलंड रेल्वेच्या जुन्या मार्गावर बांधलेला डांबरी रस्ता. लांबी १३ मैल, म्हणजे सुमारे २१ किलोमीटर, आणि रुंदी साधारण तीन मीटर. मोटारींना बंदी. सायकलवाले, चालणारे, पळणारे, कुत्रे फिरवणारे आणि व्हीलचेअरवरचे लोक सगळे तो वापरतात. तिकीट नाही, फाटक नाही, नोंदणी नाही. देशभरच्या सायकल जाळ्यातल्या ४ क्रमांकाच्या मार्गाचा हा एक तुकडा आहे. निळ्या पाटीवर लाल चौकोनात पांढरा ४ दिसला की तुम्ही योग्य रस्त्यावर आहात.

इथली रेल्वे बंद का पडली?

कारण ब्रिस्टल आणि बाथ यांच्यामध्ये दोन रेल्वेमार्ग होते. एक ब्रुनेल या इंजिनिअरने बांधलेला ग्रेट वेस्टर्न कंपनीचा, जो आजही चालू आहे. दुसरा मिडलंड कंपनीचा, मँगोट्सफील्डवरून बाथला जाणारा, १८६९ साली सुरू झालेला. एकोणिसाव्या शतकातल्या खासगी कंपन्या एकमेकींच्या शेजारी रूळ टाकायला मागेपुढे बघत नसत. पुढे सगळी रेल्वे सरकारी झाली, १९६३ साली बीचिंग अहवाल आला आणि तोट्यातले, दुहेरी पडलेले मार्ग बंद करायची लाट आली. या मार्गावरची शेवटची प्रवासी गाडी मार्च १९६६ मध्ये धावली. मालगाड्या १९७१ पर्यंत चालल्या.

मग रूळ उखडले, खडी राहिली आणि तिच्यावर झुडपं माजली. १९७७ साली ब्रिस्टलमध्ये सायकलप्रेमींचा सायक्लबॅग नावाचा गट तयार झाला. जॉन ग्रिमशॉ हे अभियंते त्याच्या अग्रभागी होते. या गटाने १९७९ मध्ये बाथकडच्या बाजूने पहिला तुकडा बांधायला घेतला, तोही बराचसा स्वयंसेवकांच्या फावड्यांनी. संपूर्ण रस्ता १९८६ पर्यंत पुरा झाला. त्याच गटातून पुढे सस्ट्रान्स ही संस्था उभी राहिली आणि तिने देशभरच्या सायकल मार्गांचं जाळं विणलं. म्हणजे ब्रिटनमधल्या या साऱ्या खटाटोपाची सुरुवात इथल्या झुडपांतून झाली.

पण रस्ता एकदा झाला म्हणजे कायमचा सुरक्षित राहिला, असं समजू नका. २००८ साली याच्या शहरातल्या भागावरून बस चालवायची योजना पुढे आली होती. लोकांनी इतका विरोध केला की ती गुंडाळावी लागली. गंमत म्हणजे त्याच वर्षी ब्रिस्टलला इंग्लंडचं पहिलं 'सायकल शहर' म्हणून जाहीर केलं गेलं.

एकट्याने जावं का? सोबत नसली तर कंटाळा येईल, भीती वाटेल?

एकट्याने पहिली लांब सफर करायची असेल तर असा रस्ता शोधून सापडणार नाही. आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही आणि अचानक वळताही येत नाही. त्यामुळे रेल्वेच्या इंजिनिअरांनी डोंगर फोडून, दऱ्या भरून हा मार्ग आधीच सपाट आणि सरळ करून ठेवला आहे. तुम्हाला फक्त पायडल मारायचं. चौक जवळपास नाहीत, ट्रॅफिक नाही, नकाशा बघायला दर पाच मिनिटांनी थांबणं नाही. शिवाय एकटं नुसतं म्हणायला. सुटीच्या दिवशी इथे बऱ्यापैकी वर्दळ असते आणि 'मॉर्निंग'ची देवाणघेवाण सतत चालू राहते.

अवघड जागा आहेत, पण त्या रेल्वेच्या नाहीत. जिथे जुने रूळ संपतात आणि तुम्हाला साध्या रस्त्यावर यावं लागतं, तिथे लोक चुकतात, दमतात, वैतागतात. अशा जागा तीन: ब्रिस्टल स्टेशनपासून मार्गाच्या तोंडापर्यंत, बाथच्या वेशीपासून शहरात शिरेपर्यंत, आणि बाथहून पुढे बोगद्यांचा फेरा करणार असाल तर मिडफर्ड गावापासून कालव्यापर्यंत. खाली प्रत्येकीबद्दल सांगितलं आहे. बाकी डोकं रिकामं ठेवून चालवा.

सुरुवात ब्रिस्टलहून करावी की बाथहून?

ब्रिस्टलहून. यावर मतभेद आहेत, पण मी माझं मत सोडणार नाही. ब्रिस्टलकडून निघालं की पहिला भाग शहराचा, थोडा कळकट, भिंतींवर ग्राफिटी असलेला आणि हलकासा चढाचा. चढ स्टेपल हिलच्या बोगद्यापर्यंत असतो. तो पायात ताकद असतानाच उरकतो. नंतर मार्ग एव्हन नदीच्या खोऱ्याकडे उतरत जातो, शेतं लागतात, नदी लागते आणि शेवटी बाथ. उलट दिशेने आलात तर दमलेल्या पायांनी चढ चढून शहराच्या गर्दीत शिरावं लागतं.

आणखी एक कारण. बाथहून परत येताना ब्रुनेलच्या मार्गावरची ट्रेन मिळते. जाताना मिडलंडने, येताना ग्रेट वेस्टर्नने. दोन कंपन्यांचं जुनं भांडण तुमच्या एका दिवसात मिटतं.

ब्रिस्टलच्या टेम्पल मीड्स स्टेशनवरून मार्गाच्या सुरुवातीला कसं जायचं?

ही पहिली अवघड जागा. मार्ग सुरू होतो ओल्ड मार्केटच्या पलीकडे, सेंट फिलिप्स भागात. स्टेशनपासून अंतर दीड-दोन किलोमीटरच, पण मध्ये मोठे रस्ते आणि सतत चाललेली बांधकामं. फोनवरच्या नकाशात 'सायकल' हा पर्याय निवडा आणि हा तुकडा चक्क हातात सायकल धरून चालत गेलात तरी काही बिघडत नाही. वीस-पंचवीस मिनिटं जातील. एकदा डांबरी पट्टीवर चढलात की फोन खिशात.

वाटेत बघण्यासारखं काय आहे?

शहरातून बाहेर पडताना ग्रीनबँकला जुना चॉकलेटचा कारखाना लागतो. आता तिथे फ्लॅट झाले आहेत. वाटेवर ठिकठिकाणी शिल्पं आहेत. त्यांपैकी विटांचा, नाकावर उभा असलेला भलामोठा मासा कुणाच्या नजरेतून सुटत नाही.

मग स्टेपल हिलचा बोगदा. सुमारे ४७० मीटर लांब, आत दिवे आहेत. उन्हातून एकदम आत शिरलं की काही क्षण डोळ्यांना काहीच दिसत नाही, म्हणून गॉगल काढा आणि वेग कमी करा. आत छतातून पाणी ठिबकतं. मे महिन्यातही गारठा लागतो.

बोगद्यानंतर मँगोट्सफील्ड. हे एके काळी जंक्शन होतं. गाड्या बदलायला लोक इथे तिष्ठत बसायचे. आता फलाट आहेत, भिंती आहेत, खिडक्यांच्या रिकाम्या कमानी आहेत आणि छप्पर नाही. इथे दहा मिनिटं थांबा असं मी प्रत्येकाला सांगतो. फलाटाच्या कडेला पाय सोडून बसलं की समोरून, जिथे रूळ होते तिथून, सायकली जाताना दिसतात. या साऱ्या मार्गावर रेल्वे इथे सर्वांत जास्त जाणवते.

पुढे वॉर्मली. तिथे एक मोठा रस्ता सिग्नलवर ओलांडावा लागतो. जुन्या सिग्नल केबिनजवळ कॉफी पिणाऱ्यांची गर्दी असते. त्यानंतर ओल्डलंड कॉमन, आणि तिथून तुमच्या शेजारी खरेखुरे रूळ अवतरतात. एव्हन व्हॅली रेल्वे नावाची हौशी लोकांची संस्था सुमारे तीन मैलांच्या तुकड्यावर जुन्या गाड्या चालवते. तिचं मुख्य स्टेशन बिटन. ठरावीक दिवशी वाफेचं इंजिन असतं. शिट्टी ऐकू आली आणि कोळशाचा वास आला तर सायकल बाजूला घ्या, कारण इंजिन अगदी हाताच्या अंतरावरून जातं. नेरळ-माथेरान ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे कौतुक वेगळं सांगायला नको.

बिटननंतर एव्हन नदी या मार्गाखालून पुन्हा पुन्हा जाते. नदी वळणं घेते, रेल्वे सरळ जाते, म्हणून पुलांवर पूल. साल्टफर्डला वाटेलगत पब आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या भागात कडेच्या काटेरी झुडपांना ब्लॅकबेरी लगडलेल्या असतात. तोडून खाल्ल्या तर कुणी हटकत नाही. फक्त त्यांच्यातच उगवणारी, हाताला लागली की आग आग करणारी नेटलची पानं सांभाळा.

बाथमध्ये शिरताना लोक का चुकतात?

कारण रेल्वेची पट्टी बाथच्या अलीकडे, न्यूब्रिज-ब्रासमिल लेनच्या आसपास संपते आणि तिथून नदीकाठच्या पायवाटेने शहरात जावं लागतं. ही दुसरी अवघड जागा. वाट अरुंद होते, पृष्ठभाग बदलतो, वळणं आंधळी असतात, समोरून बाबागाडी ढकलत आई येते. इथे वेग काढणाऱ्यांचा मला राग येतो. नदी एका हाताला ठेवून हळू गेलात की शहर आपोआप येतं.

मिडलंडच्या गाड्या जिथे थांबायच्या ते ग्रीन पार्क स्टेशन अजून उभं आहे. १८७० चं. रुळांच्या जागी वाहनतळ आणि छताखाली बाजार, शनिवारी शेतकरी बाजार. लोखंड-काचेचं ते छत बघायला मुद्दाम आत डोकवा. आजच्या ट्रेन मात्र इथून सुटत नाहीत. त्यासाठी बाथ स्पा स्टेशनला जावं लागतं.

दोन बोगद्यांचा फेरा म्हणजे काय? तो करावा का?

पायात दम असेल तर नक्की. या दिवसाचा सर्वांत चांगला भाग तोच, असं मला वाटतं.

बाथमधून दक्षिणेला जाणारी सॉमरसेट अँड डॉर्सेट ही दुसरी रेल्वे. तीही मार्च १९६६ मध्येच बंद झाली. तिचे डेव्हनशर आणि कूम डाउन हे दोन बोगदे कित्येक दशकं बंद पडून होते. ते ६ एप्रिल २०१३ रोजी सायकलस्वारांसाठी आणि चालणाऱ्यांसाठी उघडले. पहिला सुमारे ४०० मीटर, दुसरा १,६७२ मीटर, म्हणजे मैलाहून अधिक. चालत किंवा सायकलने जाता येईल असा ब्रिटनमधला हा सर्वांत लांब जुना रेल्वे बोगदा. आत मधोमध दिव्यांची आणि व्हायोला या व्हायोलिनसारख्या वाद्याच्या सुरांची रचना बसवली आहे. दोन्ही तोंडं दिसत नाहीत, टायरचा आवाज भिंतींवरून परत येतो आणि अंधारातून मधूनच सूर येऊ लागतात. एकट्याने गेलात तर हे जास्त अंगावर येतं. बडबड्या मंडळींबरोबर गेलेल्यांना सूर ऐकूच आले नाहीत, असंही घडतं.

बाथमधून बोगद्यापर्यंतचा चढ मात्र गृहीत धरा. इथे रेल्वेचा चढ ५० ला १ होता, म्हणजे पन्नास मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आपल्या बोरघाटात तो ३७ ला १ आहे आणि कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात हे आठवलं, तर ५० ला १ हा रेल्वेच्या हिशेबात चढच. सायकलला मात्र हलका गिअर लावून निवांत चढता येतो.

कूम डाउनमध्ये हवा जायला मधे एकही झरोका नाही. १९२९ साली एका मालगाडीचे चालक आणि फायरमन याच बोगद्यात धुराने बेशुद्ध पडले. गाडी तशीच उतारावरून बाथकडे सुटली आणि माल यार्डात आदळली. चालकासह तीन जण गेले. आज आत धूर नाही, हवा स्वच्छ आहे, पण त्या अरुंद, एकेरी बोगद्यातून जाताना वाफेच्या इंजिनात उभं राहणं काय असेल ते समजतं.

बोगद्यातून पलीकडे निघालं की टकिंग मिलचा उंच पूल. खाली हिरवी दरी. भूगर्भशास्त्राची आवड असेल तर ऐका. १८१५ साली इंग्लंडचा पहिला मोठा भूस्तरांचा नकाशा काढणारा विल्यम स्मिथ इथे टकिंग मिलला राहायचा. कोळशाच्या कालव्यासाठी मोजणी करता करता त्याला खडकांच्या थरांचा क्रम उमगला.

मिडफर्डनंतर परत कसं यायचं?

दोन पर्याय. आलेल्या बोगद्यांतूनच परत फिरा. उतार असल्याने झटकन बाथ येतं आणि रस्ता चुकायचा प्रश्न नाही. दिवस कलला असेल तर हेच करा.

दुसरा पर्याय म्हणजे पूर्ण फेरा. हा सुमारे १३ मैलांचा. मिडफर्डला रेल्वेची पट्टी सोडून गावातल्या अरुंद रस्त्यांनी मंक्टन कूमकडे जायचं. ही तिसरी अवघड जागा, आणि तिघींत सर्वांत खरी. दोन्ही बाजूंना उंच कुंपणं, समोरून मोटार आली तर एकाला थांबावंच लागतं, आणि रेल्वेने लाडावलेल्या पायांना साधे गावचे चढ एकदम डोंगर वाटू लागतात. उतरून ढकललीत तर कुणी हसत नाही. पुढे ए-३६ हा वेगवान रस्ता लागतो. तो हातात सायकल धरून, दोन्हीकडे बघून ओलांडा.

मग डंडास जलसेतू. १८०५ साली पूर्ण झालेला, जॉन रेनी या इंजिनिअरचा, बाथच्या मधाळ रंगाच्या दगडातला. दगडी पुलावरून कालवा जातो, कालव्यातून होड्या जातात, आणि खालून नदी आणि चालू रेल्वे जातात. कालवा आधी आला, त्याचा धंदा रेल्वेने बसवला, आणि या दरीतल्या दुसऱ्या रेल्वेचा धंदा पुढे मोटारीने बसवला. आता जुनी रेल्वे आणि कालवा दोन्ही आपल्यासारख्या रिकामटेकड्यांच्या ताब्यात.

तिथून कालव्याकाठच्या वाटेने बाथ आठेक किलोमीटर. वाट खडीची, सपाट. कालव्यात लांबोड्या होड्या लागलेल्या असतात. लोक त्यांत राहतात, छपरावर लाकडं आणि कुंड्या ठेवतात. क्लॅव्हर्टनला नदीच्या प्रवाहावर चालणारा पंप आहे. १८१३ पासून तो नदीचं पाणी वर कालव्यात चढवण्यासाठी आहे, तोही इंधन न जाळता. शेवटी सिडनी गार्डन्समधून जाऊन विडकूमच्या पाण्याच्या दारांशेजारून उतरलात की बाथ स्पा स्टेशन समोरच.

एकूण किती किलोमीटर आणि किती वेळ?

फक्त ब्रिस्टल ते बाथ: २१ किलोमीटर. निवांत चालवून, न थांबता, दोन तासांच्या आत. थांबत, खात, फोटो काढत गेलात तर अर्धा दिवस. बोगद्यांचा फेरा धरला तर एकूण ४०-४५ किलोमीटर आणि पुरा दिवस. सकाळी दहाच्या आत निघा.

बाबा साठीचे आहेत. पुण्यात तरुणपणी रोज सायकल चालवायचे. त्यांना झेपेल का?

एकेरी बाजू नक्की झेपेल, पण सायकल त्यांच्या उंचीची हवी. भारतातून आलेल्या मंडळींना मुलाची सायकल देऊन टाकतात आणि मग गुडघे दुखतात. सीट अशी लावा की पायडल तळाला असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. गिअरची सवय नसेल तर आदल्या संध्याकाळी घराजवळ अर्धा तास सराव करू द्या. ब्रेककडेही लक्ष असू द्या. इथल्या सायकलींचे ब्रेक फार तीव्र लागतात. नवख्या माणसाने पुढचा ब्रेक जोरात दाबला तर तो तोंडावर पडू शकतो.

इलेक्ट्रिक सायकल भाड्याने घेणं हा उत्तम मार्ग आहे. इथल्या कायद्यानुसार तिची मोटर २५० वॉटपर्यंतची आणि मदत ताशी १५.५ मैलांपर्यंतच. तेवढ्याला परवाना लागत नाही. ते एकटे जाणार असतील तर फोन चार्ज केलेला हवा, डेटा चालू हवा, आणि घराचा पत्ता कागदावर लिहून खिशात. इंग्लंडमध्ये आणीबाणीचा क्रमांक ९९९. ११२ लावला तरी चालतो.

स्त्रियांना एकट्याने सुरक्षित आहे का?

दिवसा, विशेषतः शनिवार-रविवारी, हो. एकट्या स्त्रिया, शाळकरी मुली, आज्या सगळ्या तिथे दिसतात. पण ब्रिस्टलमधला लॉरेन्स हिल, ईस्टन आणि फिशपाँड्सचा पट्टा अंधार पडल्यावर टाळावा, आणि हे पुरुषांनाही लागू. फोन हँडलवर लावून मिरवू नका. हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधार होतो. बोगद्यांतले दिवेही रात्रभर चालू राहत नाहीत. जून महिन्यात साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणून पहिली एकटी सफर मे ते ऑगस्टमध्येच करा.

रस्त्यावरचे नियम काय?

डावीकडून चालवायचं, आपल्यासारखंच. चालणाऱ्यांचा मान पहिला. मागून येताना घंटी लांबूनच आणि एकदाच हळू वाजवायची. पुण्यातल्या सवयीने सारखी ट्रिंगट्रिंग केली तर लोक वळून बघतात. घंटी नसेल तर 'ऑन युअर राइट' किंवा नुसतं 'हॅलो' चालतं. कुणी बाजूला झालं की 'थँक यू' म्हणायचं. हेल्मेट सक्तीचं नाही, तरी घाला. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा मात्र कायद्याने सक्तीचा. कुत्र्याचा लांब पट्टा वाटेत आडवा ताणलेला असतो आणि तो दिसत नाही. कुत्रा एका कडेला आणि मालक दुसऱ्या कडेला दिसला की ब्रेकवर बोटं ठेवा.

सायकल कुठली लागेल?

जी असेल ती. ब्रिस्टल-बाथ डांबरी आहे, अगदी घडीची सायकलही चालते. फक्त कालव्याकाठी जायचं असेल तर रेसिंग सायकलचे बारीक टायर त्रास देतात. ३२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद बरे. पावसानंतर मडगार्ड नसेल तर पाठीवर चिखलाची रेघ उमटते. ॲपवर मिळणाऱ्या सायकलींना मिनिटाप्रमाणे पैसे पडतात आणि त्या ठरावीक जागीच सोडता येतात, म्हणून दिवसभरासाठी दुकानातूनच भाड्याने घ्या.

पंक्चर झालं तर?

एकट्याने जाणाऱ्याला हे एकच काम स्वतःला यायला हवं. जादा ट्यूब, टायर काढायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर आणि छोटा पंप. पंपाचं तोंड तुमच्या व्हॉल्व्हला बसतं का ते घरी तपासा. बारीक प्रेस्टा आणि जाड श्रेडर हे दोन प्रकार आहेत. रस्त्यावर ठिगळ लावत बसू नका, ट्यूब बदला आणि फाटकी घरी आणून जोडा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा. नाही तर नवीही पाच मिनिटांत बसते. काहीच जमलं नाही, तरी रस्त्यात कुणी ना कुणी थांबतंच.

खाण्यापिण्याचं काय? शाकाहारी मिळतं का?

वॉर्मली आणि बिटनला कॅफे, साल्टफर्डला पब, बाथमध्ये सगळंच. शाकाहाऱ्याला भाजलेला बटाटा आणि त्यावर बीन्स-चीज, टोस्टी, केक, चिप्स हमखास मिळतं. चवीबद्दल मी काही बोलत नाही. घरून दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं आणि शेंगदाण्याचा लाडू नेलात तर मँगोट्सफील्डचा फलाट तुमचाच. पाण्याची बाटली भरून द्यायला कॅफेवाले सहसा नाही म्हणत नाहीत. स्वच्छतागृह बिटन स्टेशनला आहे. मधल्या पट्ट्यात फारसं काही नाही, हे लक्षात ठेवून चहा प्या.

पाऊस आला तर?

येणारच. इथला पाऊस आपल्या आषाढासारखा कोसळत नाही, रिपरिपतो आणि तासाभरात थांबतो. हलकं जाकीट पुरे. छत्री सायकलवर नको आणि पोंचोही नको, वारा भरतो. खरा त्रास ओल्या पानांचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये डांबरावर पानांचा थर चिकटतो आणि वळणावर चाक सरकतं.

ट्रेनमध्ये सायकल नेता येते का?

येते, आणि सायकलचं वेगळं तिकीट लागत नाही. बाथ स्पा ते टेम्पल मीड्स अंतर पंधरा मिनिटांच्या आतबाहेर. लंडनहून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलच्या जागा मोजक्या असतात आणि त्या आधी आरक्षित कराव्या लागतात. स्थानिक गाड्यांत जो आधी येईल त्याची जागा. रविवारी संध्याकाळी बाथहून परतणाऱ्यांची झुंबड उडते, आणि जागा भरली की गार्ड चढू देत नाही. अशा वेळी वाद घालू नका, पुढची गाडी येईपर्यंत फलाटावर थांबा. पुढचीही भरली आणि अजून उजेड असला, तर आलात तसेच मिडलंडच्या रस्त्याने परत निघा. घरी पोचायला उशीर होईल एवढंच.